टोळांनी खाल्लेली वर्षे : योएल संदेष्टा आणि वाशीमची भूमी

राखेच्या बुधवारी आपण सारे देवळात जमतो. कपाळावर राख घेण्यापूर्वी वाचनमंचावरून योएल संदेष्ट्याच्या पुस्तकातील एक उतारा वाचला जातो. अंगावरची वस्त्रे फाडून दाखवण्यात अर्थ नाही, चीर पडायची ती अंतःकरणाला पडली पाहिजे, असे संदेष्टा बजावतो. उपवास करून, अश्रू ढाळून देवाकडे माघारी वळा, असे विनवतो. दरवर्षी तेच शब्द आणि तीच राख. लहानपणापासून ऐकल्यामुळे हे शब्द आपल्या कानांना इतके सवयीचे झाले आहेत, की ते प्रथम कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या माणसांपुढे उच्चारले गेले असतील, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही.

त्या दिवशीचे वाचन योएलाच्या दुसऱ्या अध्यायातील बाराव्या ओवीपासून सुरू होते आणि अठराव्या ओवीशी संपते. उपासनेच्या दृष्टीने ही निवड योग्यच आहे. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट नकळत घडते. बाराव्या ओवीच्या आधी उजाड झालेली शेते आहेत, रिकामी कोठारे आहेत, चाऱ्यावाचून हंबरणारी गुरे आहेत. अठराव्या ओवीनंतर पाऊस आहे, भरलेली खळी आहेत. आपल्या कानी पडतो तो फक्त मधला भाग. साहजिकच योएलाची हाक आपल्याला खाजगी प्रायश्चित्ताची हाक वाटते. चाळीस दिवस मांसाहार वर्ज्य करावा, व्यसन सोडावे, पापनिवेदन करावे, एवढ्यावर तिचा अर्थ संपतो.

हा उतारा पूर्ण समजून घ्यायचा असेल तर तो शेताच्या बांधावर बसून वाचला पाहिजे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी आम्ही या लेखात वाशीमची भूमी निवडली आहे. या जिल्ह्यात कॅथोलिक कुटुंबे थोडी आहेत. पण योएलाने जे पाहिले ते या भूमीने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिले, आणि निराळ्या रूपात आजही ती पाहत आहे.

नासाडीचा साक्षीदार

योएल हा जुन्या करारातील बारा लघुसंदेष्ट्यांपैकी एक. पथुएलाचा पुत्र, याखेरीज त्याची वैयक्तिक माहिती मिळत नाही. त्याच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. बाबेलच्या बंदिवासानंतरचा काळ, म्हणजे ख्रिस्तपूर्व पाचवे किंवा चौथे शतक, अनेकांना संभवनीय वाटतो. पुस्तक अवघ्या तीन अध्यायांचे आहे. हिब्रू मांडणीत तेच चार अध्यायांत विभागले आहे.

पुस्तकाच्या आरंभी यहूदाच्या भूमीवर टोळधाड आलेली आहे. संदेष्टा टोळांसाठी चार निरनिराळे हिब्रू शब्द वापरतो : गाझाम, अर्बेह, येलेक आणि हासील. एकाने सोडले ते दुसऱ्याने खाल्ले, दुसऱ्याने सोडले ते तिसऱ्याने, असा तो नासाडीचा क्रम लावतो. गहू गेला, जव गेले, द्राक्षवेल सुकली. अंजीर, डाळिंब, खजूर एकामागून एक वाळले. ढेकळांखाली बी करपून गेले. टोळधाडीत अवर्षणाची भर पडली, ओढ्यांचे पाणी आटले. मंदिरात अर्पण करण्यापुरतेही पीठ आणि द्राक्षारस उरला नाही. शेतकऱ्याच्या घरची चूल विझली तशी देवाच्या वेदीवरची अर्पणेही थांबली. वेदी आणि शेत यांचा संबंध इतका जवळचा आहे, हे योएलाइतके स्पष्ट क्वचितच कुणी दाखवले असेल. आपल्या मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी धर्मगुरू भाकरीला भूमीचे फळ आणि माणसाच्या श्रमाचे फळ म्हणतात, तेव्हा हाच संबंध बोलला जात असतो.

या पुस्तकातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की योएलाची पहिली आज्ञा पश्चात्तापाची नाही, स्मरणाची आहे. असे काही तुमच्या वाडवडिलांच्या काळी घडले होते काय, असे तो म्हाताऱ्यांना विचारतो, आणि ही हकीकत मुलांना सांगा, मुलांनी ती त्यांच्या मुलांना सांगावी, असे फर्मावतो. दुसरी अशी, की तो शेतकऱ्यांच्या कोणत्याही विशिष्ट पापाचे नाव घेत नाही. आमोस गरिबांवरील जुलमाचा पाढा वाचतो, होशेय मूर्तिपूजेवर कोरडे ओढतो. योएल लोकांना देवाकडे वळायला सांगतो खरा, पण अमुक अपराधामुळे तुमचे पीक गेले असे एकदाही म्हणत नाही. उपाशी माणसाच्या उशाशी उभे राहून त्याच्या दोषांची यादी करण्याचा मोह त्याला झाला नाही.

गहाण पडलेला प्रांत

वाशीम हे फार प्राचीन नगर. वत्सगुल्म या नावाने ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. मध्ययुगातून पुढे येत ते निजामाच्या अमलाखालील वऱ्हाडात मोडू लागले. १८५३ साली निजामाने हा वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. कारण होते कर्ज. कंपनीच्या देखरेखीखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च थकला होता, आणि त्या थकबाकीच्या वसुलीसाठी सारा प्रांतच लावून देण्यात आला. पुढे ज्या भूमीत शेतकऱ्यांच्या पिढ्या सावकाराच्या वहीत अडकल्या, ती भूमीच मुळी कर्जापोटी गहाण पडलेली होती.

गोऱ्या सरकारला वऱ्हाड हवा होता तो तेथील काळ्या मातीसाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. त्या वेळी वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. १८६७ पर्यंत लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत नागपुरास पोहोचला. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण लोकांच्या तोंडी होतीच. आता ती लंडनच्या व्यापाऱ्यांनाही पटली.

पण सोन्याची कुऱ्हाड झाली तरी ती कुऱ्हाडच. युद्ध संपले, भाव कोसळले. सारा मात्र रोख रकमेत आणि ठरलेल्या हप्त्याने भरावा लागे. जमीन आता विकता आणि गहाण टाकता येत होती, त्यामुळे सावकार कर्ज देण्यास तयार होता आणि शेतकरी ते घेण्यास भाग पडत होता. ज्वारीच्या रानात कापूस आला. गावोगावच्या पेवांत पूर्वी दोन-दोन वर्षांचे धान्य साठवण्याची रीत होती, ती मोडत गेली. धान्य बाजारात आणि रोकड सावकाराकडे, असा व्यवहार रूढ झाला.

वऱ्हाडाचे दोन भाग सांगतात. पूर्णेचे सखल खोरे ते पयनघाट, आणि दक्षिणेचे पठार ते बालाघाट. वाशीम बालाघाटावर. लोहमार्ग गेला तो पयनघाटातून. वाशीमहून अकोल्याचे स्थानक गाठायचे तर पातूरचा घाट उतरून सुमारे ८० किलोमीटरची बैलगाडीची वाट तुडवावी लागे. त्या काळी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता आणि वाशीम, मंगरूळ व पुसद असे त्याचे तीन तालुके होते.

शिरगणतीची साक्ष

१८९६-९७ मध्ये पहिला दुष्काळ पडला. त्यातून माणसे सावरतात न सावरतात तोच १८९९ चा पावसाळा कोरडा गेला. मृग गेला, आर्द्रा गेल्या, हस्ताचाही पाऊस आला नाही. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानचा फार मोठा भाग या अवर्षणाच्या तडाख्यात सापडला. विक्रम संवत १९५६ वरून गुजरात-राजस्थानात आजही त्याला छप्पनिया म्हणतात.

वाशीममध्ये काय घडले याची साक्ष शिरगणतीचे आकडे देतात. १८८१ साली या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ५८ हजार होती. १८९१ साली ती ३ लाख ९८ हजारांवर गेली. १९०१ साली मोजदाद झाली तेव्हा ती ३ लाख ५३ हजार भरली. दहा वर्षांत सुमारे ११ टक्के घट. साऱ्या वऱ्हाडाची लोकसंख्या याच दशकात २८ लाख ९७ हजारांवरून २७ लाख ५४ हजारांवर आली, म्हणजे घट सुमारे ५ टक्के. वाशीमचा तोटा प्रांताच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक होता.

ही घट सारीच मृत्यूंमुळे झाली असे नाही. काही माणसे पोट भरायला परमुलखात गेली. काही बालके जन्मालाच आली नाहीत, कारण उपाशी स्त्रीची कूस धरत नाही. पण एक तुलना मनाला चटका लावते. १९०१ सालचे वाशीम १८८१ सालच्या वाशीमपेक्षाही लहान होते. वीस वर्षांत जेवढे पाळणे हलले, जेवढी लग्ने झाली, जेवढी नवी घरे उभी राहिली, त्या सर्वांची बेरीज शून्याखाली गेली.

योएलाच्या दुसऱ्या अध्यायात देव एक विलक्षण वचन देतो. टोळांनी जी वर्षे खाल्ली ती मी तुम्हांला भरून देईन, अशा आशयाचे ते वचन आहे. टोळ पीक खातात, पाने खातात, झाडाची साल खातात. पण वर्षे खातात म्हणजे काय, हे आम्हांला पूर्वी काव्यात्म अतिशयोक्तीसारखे वाटे. वाशीमच्या शिरगणतीचे तीन आकडे एकाखाली एक मांडले तेव्हा ते अक्षरशः खरे वाटू लागले. या भूमीची वीस वर्षे खाल्ली गेली होती.

आणि संदेष्ट्याची स्मरणाची आज्ञा? छप्पनियात गेलेल्यांची नावे कोरलेला दगड वाशीमच्या वेशीवर आमच्या पाहण्यात नाही. विधानसभेच्या निवडणुका, जुने राजवाडे, संतांचे जन्मस्थान हे सारे आपण मुलांना सांगतो. पणजोबांची पाच भावंडे कुठे गेली, हे सहसा सांगत नाही.

सोर, सीदोन आणि मुंबई बंदर

त्या वर्षी पाऊस पडला नाही, हे निसर्गाचे काम. परंतु प्रांतात धान्यच नव्हते काय? लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर १९९७ साली एक संशोधनग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार १८९९-१९०० मध्ये वऱ्हाडात १ लाख ४३ हजार माणसे प्रत्यक्ष उपासमारीने मेली, आणि त्याच काळात प्रांतातून कापसाच्या हजारो गाठींबरोबर ७ लाख ४७ हजार बुशेल धान्य बाहेर गेले. आजच्या मापाने ते सुमारे २० हजार टन होते. ज्या आगगाडीने धान्य आणता आले असते, त्याच आगगाडीने ते नेता येत होते. ज्याच्या हाती पैसा होता त्याच्याकडे ते गेले.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळांचा अभ्यास करून दाखवून दिले, की माणसे मरतात ती नेहमीच धान्य नसते म्हणून मरत नाहीत. धान्य मिळवण्याची ऐपत आणि हक्क नसतो म्हणूनही मरतात. त्याआधी ८० वर्षे, १९०० सालीच, रमेशचंद्र दत्त यांनी व्हाइसरॉय कर्झन यांना उद्देशून लिहिलेल्या अनावृत पत्रांतून जमीनसाऱ्याचा बोजा आणि दुष्काळ यांचा संबंध मांडला होता. सरकार अगदीच हातावर हात ठेवून बसले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. खडी फोडण्याची, रस्त्यांची कामे निघाली. पुढे दुष्काळ आयोगाने शेतकऱ्याच्या कर्जाचा विचार केला, आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पण जी माणसे गेली ती गेली.

योएलाच्या तिसऱ्या अध्यायाकडे या प्रकाशात पाहावे. तेथे देव सोर आणि सीदोन या नगरांना जाब विचारतो. ही दोन्ही समुद्रकाठची व्यापारी बंदरे होती. त्यांनी माझे सोनेरुपे नेले, माझ्या लोकांना दूरच्या ग्रीकांना विकले, एका मुलीची किंमत घोटभर द्राक्षारसाइतकी केली, असा देवाचा आरोप आहे. पीडित शेतकऱ्यांचे पाप ज्या संदेष्ट्याने नोंदवले नाही, त्याने त्यांच्या आपत्तीवर श्रीमंत झालेल्यांचा हिशेब मात्र तपशिलाने मांडला. न्यायनिवाड्याचे खोरे असे ज्या ठिकाणाला तो म्हणतो, तेथे टोळांना बोलावणे गेलेले नाही. व्यापाऱ्यांना आणि राजसत्तांना गेले आहे.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच मार्गाने गेली आहे. वाशीमची लोकसंख्या जेव्हा सर्वाधिक भरली त्या १८९१ सालीच पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्र काढून श्रमिकाच्या हक्काचा कैवार घेतला. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली 'गौदियुम एत स्पेस' या दस्तऐवजात पृथ्वीची संपत्ती सर्वांसाठी आहे असे सांगताना आद्य धर्मपित्यांचा एक कठोर विचार पुन्हा पुढे ठेवला : भुकेने मरणाऱ्याला ज्याने अन्न दिले नाही, त्याने त्याला मारलेच. ७ लाख ४७ हजार बुशेलांच्या हिशेबावर याहून नेमके भाष्य आम्हांला सुचत नाही.

मुक्तीच्या मुली

दुष्काळात सर्वांत आधी विकल्या जातात त्या मुली. योएलाने हे पाहिले होते. पंडिता रमाबाईंनीही पाहिले होते. त्यांचे आईवडील १८७० च्या दशकातील दुष्काळात उपासमारीने गेले होते, त्यामुळे भूक ही त्यांनी पुस्तकात वाचलेली गोष्ट नव्हती. १८९७ च्या सुमारास त्या वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्य प्रांतात हिंडल्या आणि दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली व बालविधवा सोबत घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्ती सदन त्यांतून उभे राहिले.

रमाबाई कॅथोलिक नव्हत्या. परंतु त्यांचे जीवन हा साऱ्या महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजाचा ठेवा आहे. १९०५ साली मुक्ती सदनात या मुलींमध्ये प्रार्थनेची एक मोठी लाट उसळली. ज्यांना दुष्काळाने अनाथ केले, समाजाने ओझे मानले, त्या मुली रात्रंदिवस मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, साक्ष देऊ लागल्या. जगातील पेंटेकॉस्टल चळवळीचे इतिहासकार या घटनेची आवर्जून नोंद घेतात. अमेरिकेतील लॉस एंजलिसची प्रसिद्ध जागृती तिच्या पुढल्या वर्षीची आहे.

योएलाच्या दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस देव आपला आत्मा सर्व मनुष्यांवर ओतण्याचे अभिवचन देतो. पुत्रांबरोबर कन्या बोलतील, आणि दास-दासीही त्यातून वगळल्या जाणार नाहीत, असे तो सांगतो. पन्नासाव्या दिवशी पेत्राने यरुशलेममध्ये पहिले प्रवचन केले तेव्हा त्याने हाच उतारा आधाराला घेतला, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. पेंटेकॉस्टच्या सणाला आपण हे ऐकतो, पण योएलाच्या पुस्तकात ते कोठे येते याकडे आपले लक्ष नसते. ते टोळधाडीनंतर येते, उपासमारीनंतर येते. आधी खळी भरतात, लोक पोटभर जेवतात, आणि मग आत्मा ओतला जातो. भुकेल्याला आधी अन्न द्यावे आणि मग त्याच्या तोंडून देव काय बोलतो ते ऐकावे, असा हा क्रम आहे. केडगावात तो जसाच्या तसा घडला.

पात्र आणि अपात्र

१९०२ साली निजामाकडून वऱ्हाड वर्षाकाठी २५ लाख रुपयांच्या खंडाने कायमच्या पट्ट्यावर घेण्यात आला. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला. त्याचा काही भाग अकोल्याकडे गेला, पुसद यवतमाळकडे. कारंजावरून कापूस वाहण्यासाठी अरुंद रुळांची गाडी आली, तिला पुढे लोक प्रेमाने शकुंतला म्हणू लागले. १९५५ साली नागपूर धर्मप्रांतातून अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला आणि हा मुलूख त्याच्या कक्षेत आला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला.

जिल्हा परत आला तेव्हा त्याच्या दारात नवी आपत्ती उभी होती. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वर्धा यांच्याबरोबर वाशीमचे नाव त्यात होते. २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफी झाली. त्यामुळे अनेकांना श्वास घेता आला, हे मान्य केले पाहिजे. परंतु खाजगी सावकाराची चिठ्ठी बँकेच्या माफीत बसत नाही.

टोळांची चार नावेही बदलली. २०१७ साली कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी शिरली आणि ज्या बियाण्याला अळी लागणार नाही अशी शेतकऱ्याची समजूत होती, त्याच बियाण्याचे पीक आतून पोखरून गेले. २०२० च्या मे महिन्यात अमरावती-नागपूरकडे खरीखुरी टोळधाडही उतरली. वाशीमकर शेतकरी कापूस सोडून सोयाबीनकडे वळला, तर तेथे पावसाचा खंड आणि पडेल भाव हे दोन टोळ आधीच बसलेले होते.

शेतकऱ्याने जीवन संपवले तर त्याच्या कुटुंबास १ लाख रुपये द्यावेत, अशी शासनाची योजना अनेक वर्षे चालत आली आहे. त्यासाठी प्रत्येक मृत्यूची छाननी होते. जमीन नावावर होती काय, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते काय, ते थकले होते काय, हे पाहून प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. सरकारी पैसा देताना काही नियम लागणार, हे आम्ही जाणतो. पण बटईने वा ठोक्याने दुसऱ्याचे शेत कसणारा, शेतमजूर बाई यांचे मरणही त्या शब्दाखाली अपात्र ठरते, तेव्हा तो शब्द कागदावरून उठून घरात येऊन बसतो. विधवेला शेजारी विचारतात : तुमचे पात्र झाले का?

पाऊस आणि न्याय

योएलाने सभा भरवली तेव्हा पात्रतेची यादी केली नव्हती. कर्णा फुंका, म्हाताऱ्यांना आणा, मुलांना आणा, अंगावर पिणारी तान्ही बाळेही आणा, असे तो सांगतो. नव्या नवऱ्याने आपल्या खोलीतून आणि नवरीने आपल्या मंडपातून बाहेर यावे, असेही सांगतो. अनुवाद या पुस्तकातील नियमशास्त्र नवविवाहिताला वर्षभर युद्धातूनही सूट देते. योएलाच्या सभेत ती सूट नाही. ज्याचे शेत वाचले आहे त्यानेही आले पाहिजे. धर्मगुरूंनी द्वारमंडप आणि वेदी यांच्यामध्ये उभे राहून रडले पाहिजे, म्हणजे त्यांनी लोकांच्या दुःखाकडे पाठ करून वेदीकडे वळू नये आणि वेदीकडे पाठ करून नुसते समाजकार्यही करू नये.

विदर्भातील शेतकऱ्याला कर्ज मारते, नापिकी मारते, हे खरे. पण त्या दोन्हींच्या मधोमध एक तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे एकटेपणा. कर्जाचा आकडा तो बायकोला सांगत नाही, भावाला सांगत नाही, देवळात तर मुळीच सांगत नाही. योएलाची सभा या एकटेपणावरचा इलाज आहे. तिच्यात कोणी आपले नुकसान लपवत नाही, कारण साऱ्यांचे नुकसान साऱ्यांसमोर वाचून दाखवले गेले आहे.

एक योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील, पुसदच्याच परिसरातील चिलगव्हाण गावच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह जीवनाचा शेवट केला. त्या कुटुंबाच्या स्मरणार्थ २०१७ पासून दर १९ मार्चला महाराष्ट्रातील अनेक माणसे एक दिवस अन्नत्याग करतात. १९ मार्च हा संत जोसेफचा सण. घाम गाळून पवित्र कुटुंब पोसणाऱ्या सुताराचा सण. आणि पुनरुत्थानाचा सण कितीही लवकर वा उशिरा आला तरी १९ मार्च ही तारीख नेहमी उपवासकाळातच येते. त्याच महिन्यात बँकांची मार्चअखेरची वसुली चालू असते. आपला उपवास, शेतकऱ्यासाठी धरलेला उपवास आणि कर्जाचा तगादा, तिन्ही एकाच महिन्यात एकमेकांशेजारून जातात, आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

योएलाच्या दुसऱ्या अध्यायातील तेविसाव्या ओवीत एक हिब्रू शब्द आहे, 'मोरे'. त्याचा अर्थ पेरणीपूर्वीचा पाऊस असा होतो, आणि शिक्षक असाही होतो. बहुतेक आधुनिक भाषांतरे आगोटीचा पाऊस असा अर्थ घेतात. संत जेरोम यांनी लॅटिन भाषांतर करताना दुसरा अर्थ घेतला आणि देव तुम्हांला न्यायाचा शिक्षक देईल असे लिहिले. कोणता अर्थ बरोबर, हे पंडित ठरवोत. वाशीमचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून वाचणाऱ्याला दोन्ही खरे वाटतात. १८९९ साली पाऊस आला नाही, आणि धान्याच्या गाड्या मुंबईकडे धावत असताना न्यायही आला नाही. नुसता पाऊस आला असता तर कापूस पिकला असता आणि कर्जही पिकले असते. खाल्लेली वर्षे भरून यायची तर दोन्ही यावे लागतात.

पाऊस देवाच्या हाती आहे. न्याय शिकणे आणि शिकवणे त्याने आपल्याकडे सोपवले आहे. म्हणून येत्या राखेच्या बुधवारी देवळात जाण्यापूर्वी घरात सर्वांनी मिळून योएलाचा पहिला अध्याय वाचावा, एवढीच आमची विनंती. वाचून झाल्यावर घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे, तुमच्या वाडवडिलांच्या काळी असे काही घडले होते काय. जे ऐकाल ते मुलांना सांगावे. आणि शेजारच्या ज्या घरात मार्चअखेरची चिंता आहे, त्या घरी संध्याकाळी थोडा वेळ जाऊन बसावे. उपवास तेथून सुरू झाला, तर कपाळावरची राख शेतातल्या मातीला ओळख देईल.